सूक्ष्मगळती (दातांतील भरणांची)

कीड काढून केलेली दाताची पोकळी आणि तिच्यात बसवलेले भरण यांच्या सांध्यातून जिवाणू, लाळ, रेणू आणि आयन यांची जी ये-जा डोळ्यांना दिसत नाही व प्रोबच्या (दात तपासण्याच्या टोकदार सळईच्या) टोकालाही लागत नाही, ती सूक्ष्मगळती. दंतवैद्यांच्या बोलण्यात ‘मायक्रोलीकेज’ हाच शब्द असतो. भरण नवे आणि घट्ट बसलेले असतानाही ती चालू असू शकते. थंड पाण्याने येणारी सणक, कडेला उमटणारी तपकिरी रेघ, भरणाखाली पुन्हा लागलेली कीड आणि पल्पचा, म्हणजे बोलीतल्या दाताच्या नसेचा, दाह यांमागे ती असू शकते.

कारणे

काँपोझिट (दाताच्या रंगाचे राळयुक्त भरण) प्रकाशाने कडक होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसते. ते भिंतींना चिकटलेले असल्याने हे आकसणे सांध्यावर ताण आणते आणि चिकटपणा जिथे कमी तिथे फट पडते. चिकटलेल्या पृष्ठभागांना मोकळ्या पृष्ठभागांनी भागले की ‘सी-फॅक्टर’ मिळतो. दाढेच्या माथ्यावरच्या पेटीसारख्या पोकळीत पाच बाजू चिकटलेल्या व एकच मोकळी, म्हणून तो 5. ताणाच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट स्थिती. नेहमीचे काँपोझिट 2 मिमीपेक्षा जाड नसलेल्या तिरक्या थरांत भरतात. जाड थराच्या तळापर्यंत प्रकाश पोचत नाही आणि तिथला कच्चा भाग पुढे गळतो.

दुसरे कारण तापमान. एक अंश सेल्सिअसला एनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण आवरण) दर दशलक्ष भागांमागे सुमारे 11 भाग प्रसरण पावते, अमाल्गम (पाऱ्याच्या मिश्रधातूचे भरण) सुमारे 25, तर काँपोझिट बहुधा त्याहूनही जास्त. चहामागून थंड पाणी प्यायले की सांधा उघडतो-मिटतो आणि द्रव आत-बाहेर होतो. ग्लास आयनोमरचे (काचेची पूड व आम्ल यांपासून बनणाऱ्या भरणाचे) प्रसरण दाताच्या जवळपास असते आणि ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध करते. मात्र घट्ट होत असताना कोरडे पडले तर त्याला तडे जातात. अमाल्गम मुळात चिकटत नाही, तरी गंजातून तयार होणारी संयुगे काही महिन्यांत त्याची फट बऱ्यापैकी बुजवतात. काँपोझिटला ही सोय नाही.

गळतीची खरी जागा हिरडीकडची कड. 1955 मध्ये दंतसंशोधक बुओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खरखरीत करण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून एनॅमलवरचा बंध भरवशाचा झाला. हिरडीखाली गेलेली कड मात्र डेंटिन (एनॅमलखालचा थर) किंवा सिमेंटमवर (मुळावरच्या पातळ थरावर) असते. तिथे ओल असते आणि सेंद्रिय भाग जास्त असतो. 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल डेंटिनवर 15 सेकंदांहून जास्त ठेवले, धुतल्यावर डेंटिन हवेने पार सुकवून त्यातले कोलॅजनचे (प्रथिनतंतूंचे) जाळे चपटे बसवले किंवा हिरडीचे रक्त कडेला लागले, की बंध बिघडतो. रबर डॅम (दात लाळ-रक्तापासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावण्याचा आग्रह यासाठीच धरायचा.

मोजमाप

सर्वाधिक वापरली जाते ती रंगप्रवेश चाचणी. काढलेले दात आधी 0.5 टक्के क्लोरामाइन-टी या जंतुनाशकात, आठवड्याहून जास्त नाही, व नंतर 4 अंशांच्या ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवतात. पोकळी कोरून भरण केल्यावर 5 व 55 अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवून, तोंडातल्या थंड-गरमाची नक्कल म्हणून, 500 आवर्तने देतात. प्रत्येक बुडी किमान 20 सेकंदांची. मुळाचे टोक मेणाने किंवा काँपोझिटने बुजवतात. कडेभोवती 1 मिमी पट्टा सोडून उरलेल्या दातावर नेलपॉलिशचे दोन हात देतात. मग दात 0.5 ते 2 टक्के मिथिलीन ब्लूमध्ये किंवा 0.5 टक्के बेसिक फुक्सिनमध्ये बहुधा 24 तास ठेवतात. सिल्व्हर नायट्रेट वापरायचे तर अंधारात ठेवून पुढे डेव्हलपरच्या द्रावणात प्रकाशाखाली चांदी काळी करतात. शेवटी पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या चकतीने दात उभा कापून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली गुण देतात. एक प्रचलित श्रेणी अशी: रंग मुळीच नाही तर 0, पोकळीच्या भिंतीच्या अर्ध्यापर्यंत 1, अर्ध्यापुढे 2, पल्पकडच्या भिंतीवर पोचला तर 3.

चुका ठरलेल्या आहेत. मुळाचे टोक नीट बुजले नाही तर रंग आतून वर चढतो आणि ती गळती भासते. बफर न केलेले मिथिलीन ब्लू आम्लधर्मी असल्याने स्वतःच दात विरघळवते. एकाच छेदावर विसंबले तर शेजारची गळती निसटते. एका दाताचे अनेक छेद घेऊन सर्वांत वाईट गुण धरणे योग्य. कोणता नमुना कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या दोन परीक्षकांनी गुण द्यावेत. हे गुण क्रमवाचक (फक्त कमी-जास्त सांगणारे) असल्याने त्यांची सरासरी काढून टी-चाचणी लावणे चूक. क्रमांवर आधारलेली क्रुस्काल-वॉलिस चाचणी वापरावी.

दुसऱ्या, द्रव-गाळण पद्धतीत दाबाखाली पाणी सांध्यातून जाऊ देतात आणि केशनलिकेतला हवेचा बुडबुडा किती सरकला ते मोजतात. दात कापावा लागत नाही, म्हणून तोच दात महिन्यांनी पुन्हा मोजता येतो.

रंगाचा रेणू जिवाणूच्या मानाने फारच लहान. तो शिरला म्हणून जिवाणू शिरतीलच असे नाही, आणि रंगप्रवेश चाचणीचे गुण तोंडातल्या भरणाच्या आयुष्याशी फारसे जुळतही नाहीत. एकाच प्रयोगात दोन साहित्ये किंवा पद्धती ताडून पाहायला ती ठीक. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडू नयेत. रुग्णाच्या तोंडात कडेचा मेळ, कडेचा डाग आणि पुन्हा लागलेली कीड हे निकष वेगवेगळे नोंदवतात. नुसती तपकिरी रेघ दिसली म्हणून सगळे भरण उपसू नये: कड घट्ट असेल तर पॉलिशिंग करावे, फट लागत असेल तर तेवढाच भाग कोरून दुरुस्त करावा.