पार्श्वभूमी : ज्वारी-बाजरीचा पाव आणि ‘भरड’ या शब्दाचा गुंता

पावाच्या पिठात ज्वारी, बाजरी मिसळण्याची कल्पना जुनी आहे. 1964 मध्येच एका आंतरराष्ट्रीय संस्थेने संमिश्र पिठांचा कार्यक्रम हाती घेतला होता. पण त्यामागे गव्हाची आयात कमी करण्याचा हेतू होता, हवामानाचा विचार नव्हता. तो विचार आपल्याकडे ठळक झाला मार्च 2022 च्या उष्णतेच्या लाटेने. उत्तर भारतात ऐन दाणा भरण्याच्या वेळी गहू होरपळला आणि मे महिन्यात केंद्राला त्याची निर्यात थांबवावी लागली. सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी मात्र काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवरच पोसली जाते.

ही कोरडवाहू पिके एवढी उपयोगी असताना पावापासून दूर का राहिली, याचे अर्धे उत्तर त्यांच्या नावात आहे. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या अमेरिकन तांबड्या ‘मिलो’मुळे ज्वारीच्याच एका जातीला लाचारीची चव चिकटली, ती ज्यांनी खाल्ली त्यांच्या बोलण्यात अजून आहे. पुढे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि ‘भरड धान्य’ 1 रुपया किलो असे दर ठरले, म्हणजे पायरी किमतीतही उतरली. वास्तविक ‘भरड’ हे ‘कोअर्स’ (coarse) या इंग्रजी सरकारी शब्दाचे भाषांतर आहे. मराठीत भरडतात ती डाळ. भाकरीचे पीठ बारीकच लागते, नाहीतर ती थापताना कडेने चिरते. एप्रिल 2018 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ही धान्ये ‘पौष्टिक’ ठरवली, तेव्हा ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरी यांच्याबरोबर राजगिराही यादीत आला. त्यामुळे ‘पौष्टिक तृणधान्य’ हा रूढ झालेला मराठी शब्दही नेमका राहिला नाही, कारण राजगिरा तृणवर्गात मोडत नाही आणि उपवासाला तो चालतो तोही धान्य नाही म्हणूनच. 2023 च्या अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ आले. नामांतराने मान मिळाला हे खरे, परंतु पावात हे धान्य किती असावे, हा प्रश्न तिन्ही नावांनी बाजूला ठेवला.

उरलेले अर्धे उत्तर पिठात आहे. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते. आधणाच्या पाण्यात मळलेले पीठ भाकरीपुरते चिकटते, पण पावासारखी हवा धरून फुगत नाही. म्हणून ज्वारीचे प्रमाण वाढवावे तसा पाव बसका आणि भुसभुशीत होतो. बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडवट होते, त्यामुळे घरात ते थोडे थोडे दळून आणतात. बेकरीला साठा लागतो, तिथे ही सोय नाही. लोहाचे प्रमाण वाढवलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण 2012 मध्ये महाराष्ट्रात आला खरा, पण त्याचा लाभ भाकरी खाणाऱ्यालाच मिळतो.

‘मल्टिग्रेन’ पावात गव्हाखेरीज इतर धान्ये किमान 20 टक्के असावीत, असा प्रस्ताव 2022 च्या सुमारास मानकांच्या मसुद्यात होता. आकडा आला ही मोठी गोष्ट आहे. मात्र ते धान्य कोरडवाहू असावे, असा अर्थ ‘मल्टिग्रेन’ या शब्दात कुठेही नाही.