बाईकचं मीटर मागे का करता येतं: थोडी पार्श्वभूमी

सेकंड हँड बाईक बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, रनिंग किती झालंय. सगळी घासाघीस त्या एका आकड्यावरून होते, आणि तो आकडा मागे करणं किती सोपं आहे हे घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. मला विचाराल तर या सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत आहे, ते मीटर पुरावा म्हणून कधी बनवलंच नव्हतं, ते चालवणाऱ्याच्या सोयीसाठी होतं आणि त्याच्या भरवशावर खरेदीविक्री नंतर सुरू झाली.

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढायची युक्ती फार जुनी. इसवी सनाआधीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन इंजिनिअरने असं यंत्र लिहून ठेवलंय, ४ फुटी चाक, ४०० फेऱ्या झाल्या की एक रोमन मैल, आणि दर मैलाला एक खडा डब्यात पडणार, संध्याकाळी खडे मोजायचे. १८४७ साली अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन लोकांच्या तांड्यात विल्यम क्लेटन नावाचा माणूस आधी चाकाला फडकं बांधून फेऱ्या मोजत होता, ३६० फेऱ्या म्हणजे एक मैल, आणि त्याला कंटाळूनच मग लाकडी दात्यांचं यंत्र बसवलं गेलं. १८९५ मध्ये व्हीडर नावाच्या माणसाचा छोटा सायक्लोमीटर आला, सायकलच्या चाकाजवळ बसून अंतर मोजणारा. यातल्या कुणालाही खोटा आकडा दाखवून काही मिळणार नव्हतं. आपण किती आलो एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

१९०२ मध्ये जर्मनीत ऑटो शुल्झेने चुंबकावर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं बाईकवर साधारण हीच पद्धत चालली. पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक छोटा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, तिथून मीटरची केबल वर हँडलपर्यंत, आत केबल चुंबक फिरवते, त्याच्यामुळे धातूची वाटी ओढली जाते आणि काटा हलतो. किलोमीटरच्या आकड्यांना चुंबकाशी काही घेणंदेणं नाही, तीच केबल बारीक गिअरमधून आकड्यांची चाकं ढकलते. सगळी कमजोरी इथेच आहे बघा, कारण केबल एक नट सैल केला की निघते, मग गाडी कितीही पळवा, आकडा जागच्या जागी. काटाही मेलेला राहतो पण मीटर बंद असलेली बाईक काही रस्त्यात थांबत नाही, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. विकायच्या आधी केबल परत लावली की झालं. याहून पुढचा उद्योग म्हणजे केबलचं टोक ड्रिल मशीनला लावून आकडे उलटे फिरवणे, किंवा मीटर उघडून चाकं हाताने हवी तशी बसवणे.

त्यात बऱ्याच जुन्या मीटरवर फक्त पाचच आकडे, ९९,९९९ नंतर परत शून्य. म्हणजे १२,००० दिसतंय ते १,१२,००० पण असू शकतं आणि विकणारा पूर्ण प्रामाणिक असला तरीही.

कायदा उशिरा आला. अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्याने मीटर मागे करणं गुन्हा ठरवलं आणि फसलेल्या माणसाला नुकसानीच्या तिप्पट भरपाई मागायचा हक्क दिला, मोटरसायकलसुद्धा त्यात आली. पण विकताना द्यायचा रीडिंगचा कागद वेगळा असायचा, तो सहज गहाळ व्हायचा किंवा केला जायचा, म्हणून १९८६ च्या कायद्याने रीडिंग थेट मालकीच्या कागदावरच लिहायला लावलं. तिथल्या नमुन्यात आकडा मीटरच्या मर्यादेपलीकडे गेलाय असं सांगायलाही वेगळी जागा आहे, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण पाच आकड्यांच्या मीटरवाल्या प्रामाणिक मालकाला त्यामुळे खरं सांगायची सोय झाली.

मग डिजिटल मीटर आलं आणि लोकांना वाटलं आता हा प्रकार संपला. झालं उलटंच. आता चाकावरचा किंवा गिअरबॉक्सजवळचा सेन्सर नुसत्या पल्स, म्हणजे विजेचे छोटे इशारे पाठवतो आणि एकूण आकडा मीटरमधल्या छोट्या मेमरी चिपमध्ये लिहिला जातो, ती चिप वाचायची, आकडा बदलायचा, परत लिहायची. ही टूल्स मीटर दुरुस्तीसाठी म्हणून उघड विकली जातात, आणि मीटर खरंच जळलं तर नव्यात जुनं रीडिंग भरायला ती लागतातही, त्यामुळे सरसकट बंदी घालणं अवघड. आणि पूर्वी उघडलेल्या मीटरवर निदान ओरखडे दिसायचे, वाकडे बसलेले आकडे दिसायचे, चिपवर डोळ्याला काहीच दिसत नाही.

म्हणून काही देशांनी मीटरवर विसंबणंच सोडलं आणि रीडिंग बाहेर नोंदवून ठेवायला सुरुवात केली. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी कार विकताना कार-पास, म्हणजे रीडिंगच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो, गॅरेजमध्ये गाडी गेली की रीडिंगची नोंद होते आणि मधेच आकडा खाली गेला की लगेच दिसतं. मला हाच खरा उपाय वाटतो. २०१४ च्या युरोपियन युनियनच्या डायरेक्टिव्हने, म्हणजे सदस्य देशांना दिलेल्या आदेशाने, गाडीच्या ठराविक काळाने होणाऱ्या तपासणीच्या वेळी रीडिंग नोंदवायला सांगितलं आणि फेरफारीला शिक्षा हवी असंही म्हटलं, २०१७ च्या नियमाने तर कंपन्यांनाच मीटर सुरक्षित करायला लावलं, पण तो नियम कार आणि हलक्या व्हॅनसाठी.

दुचाकी मात्र मागेच राहिली. त्याच २०१४ च्या डायरेक्टिव्हमध्ये १२५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलींची तपासणी २०२२ पासून धरली होती, तीही देशांनी रस्ता सुरक्षेचे दुसरे उपाय केले तर टाळता येईल अशी सूट ठेवून. तपासणी नाही म्हणजे मधल्या नोंदी नाहीत, आणि नोंदी नाहीत म्हणजे घेणाऱ्याकडे उरतं फक्त सर्व्हिसचं बुक, झिजलेले फूटरेस्टचे रबर, डिस्कची जाडी आणि स्प्रॉकेटचे दात. काही नव्या बाईकवर इंजिनच्या किंवा एबीएसच्या कंट्रोल युनिटमध्येही रीडिंग साठवलेलं असतं, स्कॅनर लावला तर दोन आकडे जुळत नाहीत हे कळतं, पण ते मॉडेलवर अवलंबून आणि जुन्या केबलवाल्या गाड्यांना तर हा पर्यायच नाही.