एका रेणूसाठी चौतीस वर्षं

डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांचा जन्म १९१० चा, कैरोचा. वडील तिथल्या शिक्षणखात्यात होते. दहाव्या वर्षी लागलेलं स्फटिकांचं वेड ऑक्सफर्डमार्गे केंब्रिजला, स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेलं.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून उलटं गणित मांडून कुठला अणू कुठे बसलाय ते काढायचं. मिठासारख्या साध्या पदार्थाला हे जमत होतं, पण प्रथिनांचे स्फटिक वाळले की ठिपके धूसर. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी यांनी पेप्सिन या प्रथिनाचा स्फटिक तो ज्या द्रवात वाढला त्याच द्रवात ओला ठेवला आणि ठिपके स्वच्छ उमटले. प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास खऱ्या अर्थानं इथून सुरू झाला. त्याच वर्षी डोरोथींना संधिवाताचं निदान झालं. पुढे बोटं वाकडी होत गेली. स्फटिक हाताळणाऱ्या माणसाची बोटं.

ऑक्सफर्डला परतल्यावर रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना इन्सुलिनचे थोडे स्फटिक दिले. १९३५ मध्ये त्याचं क्ष-किरण छायाचित्र प्रसिद्ध झालं, पण शेकडो अणूंच्या रेणूचं गणित सोडवायची साधनंच तेव्हा नव्हती. मग इन्सुलिन बाजूला राहिलं. युद्धकाळात पेनिसिलिन हाती आलं. त्यात चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे, असं १९४५ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं. हे न मानणाऱ्यांत खुद्द रॉबिन्सन होते! त्यानंतर आलं बी-१२ जीवनसत्त्व. त्यात हायड्रोजन सोडून ९३ अणू; हे गणित अमेरिकेतल्या संगणकाच्या मदतीनं सुटलं.

१९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकटीला मिळालं. एका ब्रिटिश वृत्तपत्रानं बातमीत त्यांची ओळख दिली ती ऑक्सफर्डची गृहिणी म्हणून. विज्ञानाचं नोबेल मिळवणारी ब्रिटिश स्त्री आजवर तीच एक. त्यांच्या हाताखाली शिकलेली मार्गारेट रॉबर्ट्स म्हणजे पुढची ब्रिटनची पंतप्रधान मार्गारेट थॅचर. राजकारणात मात्र डोरोथी तिच्या अगदी विरुद्ध टोकाच्या.

इन्सुलिनची त्रिमितीय रचना अखेर १९६९ मध्ये उलगडली. डोरोथी तेव्हा ५९ वर्षांच्या होत्या. त्या गटात एम. विजयन हा तरुण भारतीय होता. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिन-स्फटिकशास्त्र रुजवलं ते विजयन यांनीच.