जिमला सहा दिवस जाणं वेगळं आणि मसलची पाळी वेगळी

जिममध्ये नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न ठरलेला, दादा आठवड्यात किती दिवस यायचं, आणि उत्तरही ठरलेलं, सोम ते शनी, रविवारी सुट्टी. पण तू किती दिवस येतोस ही एक गोष्ट आणि एकेका मसलची पाळी आठवड्यात कितीदा येते ही दुसरी, आणि रिकव्हरीचं गणित जास्त करून दुसरीवर चालतं. लोक मात्र हजेरीच मोजत बसतात.

भिंतीवरचा नेहमीचा चार्ट बघा. सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार शोल्डर, गुरुवार बायसेप, शुक्रवार ट्रायसेप, शनिवार लेग (ह्या शनिवारी बरोब्बर कोणाचं तरी लग्न निघतं). हजेरी सहा दिवस, पण चेस्टचा नंबर एकदाच. दुसरा एखादा फक्त सोम-बुध-शुक्र येतो, फुल बॉडी करतो, हजेरी निम्मी पण चेस्ट तीनदा. मग रोज येणारा भाऊ ह्यालाच म्हणतो, अरे तू कमी करतोस.

आता ह्याने फरक का पडतो, तर वजन मारल्यावर मसलमध्ये नवीन प्रोटीन बनण्याचा वेग वाढतो आणि तो साधारण एक-दोन दिवस चढा राहतो, मग परत खाली. म्हणजे सोमवारी मारलेल्या चेस्टचं बांधकाम बुधवारपर्यंत बऱ्यापैकी उरकतं आणि पुढचा सोमवार येईपर्यंत ती नुसती बसून असते. व्यायामशास्त्राचे अमेरिकन संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2016 साली आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा मारणं मसल वाढायला बरं निघालं. पण 2019 साली त्यांनीच पुन्हा बघितलं तर आठवड्याचे एकूण सेट (एका दमात मारलेली एक खेप म्हणजे एक सेट) सारखे ठेवले की फरक फारसा उरत नाही. माझ्या मते तरी वाटून घेतलेलं बरं, कारण एकाच दिवशी चेस्टचे सोळा सेट लावले तर शेवटचे पाच-सहा नुसते उरकलेले असतात, वजन उतरवलेलं, फॉर्म गेलेला. आठ-आठ केले तर सगळे दमदार होतात.

आणि ह्या चार्टमध्ये अजून एक घोळ आहे. ट्रायसेपला कुठे माहितीय आपला दिवस शुक्रवार आहे ते? सोमवारी बेंच प्रेसमध्ये तो राबतो, बुधवारी शोल्डर प्रेसमध्ये राबतो आणि शुक्रवारी परत स्वतःची पाळी. काही जण तर चेस्ट, शोल्डर, ट्रायसेप लागोपाठ तीन दिवस लावतात आणि मग कोपर दुखतंय म्हणून क्रेप बँडेज बांधून फिरतात. कंबरेचं पण तेच, काल डेडलिफ्ट आणि आज स्क्वॉट, दोन्हींत कंबर राबतेच.

अंग दुखायचं थांबलं म्हणजे रिकव्हरी झाली असंही नाही. ती अंगदुखी साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असते, वजन सावकाश खाली आणताना मसलवर ताण पडतो त्याने जास्त येते, लॅक्टिक ॲसिडचा त्यात हात नाही. सवय झाली की दुखणं कमी होतं, तरी मसल थकलेली असू शकते. खरी खूण म्हणजे मागच्या वेळचं वजन तेवढ्याच रेप्सना, म्हणजे तेवढ्याच वेळा, निघतंय का. बाकी दुखणं भयंकर असेल आणि लघवी कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली तर जिम नाही, तडक डॉक्टर.

मग कोणीतरी म्हणणारच, तालमीत पैलवान रोज जोर-बैठका मारतात ते कसं चालतं. चालतं कारण ते अंगाच्याच वजनावर असतं, लहानपणापासून हळूहळू वाढवलेलं असतं आणि दुपारी जेवून झोप काढलेली असते. तुम्ही रात्री एकला झोपून सकाळी सहाला जिमला येता आणि ताकद लावून बारबेल उचलता, त्याची ह्याच्याशी बरोबरी कशी करणार.

सहा दिवस यायचंच असेल तर पुश (ढकलायचे व्यायाम, म्हणजे चेस्ट-शोल्डर-ट्रायसेप), पुल (ओढायचे, म्हणजे बॅक-बायसेप), लेग असे तीन दिवस आणि तेच परत, म्हणजे सोमवारची चेस्ट गुरुवारी, मध्ये 72 तास, आणि ट्रायसेप पण पुशच्याच दिवशी उरकतो. चार दिवस असतील तर अप्पर-लोअर, म्हणजे एक दिवस कंबरेच्या वरचं आणि एक दिवस खालचं, तीन असतील तर फुल बॉडी. दोनच दिवस जमत असतील तरी या, जागतिक आरोग्य संघटना पण मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा असंच सांगते, आणि त्यात पाय पण धरलेत बरं का.