भेग भिंतीला, दुखणं अंगणात

काळ्या जमिनीवरच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली की आपण मिस्त्रीला बोल लावतो. छपाई नवी करतो, रंग देतो आणि पुढच्या झडीनंतर भेग पुन्हा तिथंच उघडते. अशा वेळी भिंतीआधी अंगणाचा उतार पाहावा.

अमरावती, अकोला, यवतमाळकडची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झाली आहे. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे पापुद्रे पाणी आत ओढतात, एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात तीच आकसून फाटते. घराखालची सगळी माती सारखी फुगली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण पावसात कडेची माती भिजते, फरशीखालची कोरडी राहते. कडा उचलली जाते, मधला भाग जागेवरच राहतो आणि भिंत कमजोर जागी, दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, फाटते.

म्हणून जोत्यापासूनचे पहिले १० फूट सांभाळायचे. अमेरिकेतल्या नमुना घरबांधणी नियमावलीत तेवढ्या अंतरात ६ इंच उतार सांगितला आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर उंच हवं. गावात मात्र जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंट रस्ता चढतो आणि अंगण खोलगट होतं. तिथं कडेनं नाली काढण्यावाचून गत्यंतर नाही.

पायव्याच्या चरात टाकलेली मोकळी भरती पावसात दबते आणि उतार घराकडे फिरतो. त्यावर नुसता मुरूम पसरला की अंगण कोरडं दिसतं, पण पाणी मुरमातून झिरपून खालच्या काळ्या मातीवर, पायव्यालगतच साचतं. उतार आधी काळ्या मातीलाच दाबून द्यायचा, मुरूम त्यावर. मिस्त्रीकडच्या पारदर्शक लेव्हल पाइपात पाणी भरून एक टोक जोत्याशी आणि दुसरं १० फुटांवर धरा. पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचं माप बाहेरच्या टोकाला ६ इंच जास्त भरलं पाहिजे.

छताचं पाणीही थोडं नसतं. २० बाय ३० फुटांच्या टिनांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २,८०० लिटर पाणी उतरतं. ते पन्हाळीत धरून पायव्यापासून लांब न्यावं. शोषखड्डाही लांबच, आणि काळा थर ओलांडून मुरमापर्यंत खणलेला. भिजलेली काळी माती पाणी अगदीच सावकाश मुरवते.

लांब म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार वरच्या जमिनीवरून आपसूक वाहणारं पाणी खालच्यानं येऊ द्यायचं असतं. छताचं पाणी पाइपात गोळा करून त्याच्या भिंतीशी सोडणं त्यात बसत नाही. नाली कुणाच्या हद्दीतून जाणार, हे शेजाऱ्याशी आणि ग्रामपंचायतीशी मृग लागण्याआधीच बोलून घ्यावं.