१९८६: आधीच कळलेल्या गोष्टींचं वर्ष

१९८६ म्हटलं की दोन स्फोट आठवतात. जानेवारीत अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा आणि एप्रिलमध्ये सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुभट्टीचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिसरी दुर्घटना घडली. तिने एका रात्रीत १,७०० हून अधिक माणसं नेली, पण तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. म्हणून क्रम मोडून तिथूनच सुरुवात करतो.

आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाच्या वायव्य डोंगराळ भागात न्योस नावाचं तळं आहे. ज्वालामुखीच्या विवरात साचलेलं, २०० मीटरहून खोल. २१ ऑगस्टच्या रात्री नऊच्या सुमारास तळ्याकडून घरघर ऐकू आली. मग घरांतले दिवे विझले. सकाळी न्योस, चा, सुबुम या गावांत माणसं जिथल्या तिथे मरून पडली होती. चुलीपाशी, अंथरुणात, वाटेवर. सुमारे ३,५०० गुरंही गेली. अंगावर जखमा नाहीत, घरांची पडझड नाही. काहीजण तासन्‌तास बेशुद्ध राहून शुद्धीवर आले, तेव्हा भोवती घरातली माणसं मेलेली. एरवी निळं दिसणारं तळं गंजासारखं तांबडं झालं होतं.

मारेकरी होता कार्बन डायऑक्साइड, आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच वायू. तळ्याखाली खोलवर तप्त शिलारस आहे. त्यातून निघणारा हा वायू झऱ्यांवाटे तळाच्या पाण्यात मुरत राहतो. वर २०० मीटर पाण्याचा दाब, म्हणजे वातावरणाच्या सुमारे वीसपट. एवढ्या दाबाखाली पाणी प्रचंड वायू पोटात ठेवू शकतं. थंड प्रदेशातल्या अनेक तळ्यांत ऋतू बदलला की वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, आणि तळाचा वायू थोडाथोडा निघून जातो. विषुववृत्ताजवळ तसा हिवाळा नाही. पाण्याचे थर वर्षानुवर्षं एकमेकांवर निवांत पडून राहतात, आणि तळाशी साठा वाढत जातो.

त्या रात्री तळाचं पाणी कशाने तरी वर उचललं गेलं. दरड कोसळली की आणखी काही, यावर अजून वाद आहेत. पण एकदा थोडं पाणी वर आलं की त्यावरचा दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात, बुडबुड्यांमुळे पाणी हलकं होऊन आणखी वर येतं, आणि मागोमाग खालचं पाणी ओढलं जातं. गोटी दाबली की सोड्याची बाटली फसफसते, तसं अख्खं तळं फसफसलं. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. तो वर न जाता दऱ्यांच्या उतारावरून वाहत सुटला आणि थेट २५ किलोमीटरपर्यंत पोचला. हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो. तांबडा रंग होता तळातून वर आलेल्या लोहाचा, हवा लागून गंजलेल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९८४ मध्ये, न्योसपासून १०० किलोमीटरच्या आत असलेल्या मोनून तळ्याकाठी ३७ माणसं अशीच मेली होती. घातपाताचाही संशय होता. हाराल्दुर सिगुर्दसन हे आइसलँडचे ज्वालामुखीतज्ज्ञ तिथे गेले. त्यांना उद्रेकाची खूण दिसली नाही, पण खोल पाण्यात वायू सापडला. तळंच फुटलं असावं, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. एका नामांकित विज्ञान नियतकालिकाने तो निबंध अतिरंजित ठरवून परत पाठवला. तो छापून येण्याआधी न्योस घडलं.

त्या संपादकांना मी फारसा दोष देणार नाही. तळं फुटतं हे कुणी ऐकलेलं नव्हतं आणि पुरावा एकाच तळ्याचा होता. चॅलेंजरची गोष्ट मात्र वेगळी आहे.

चॅलेंजरच्या बाजूच्या इंधन-रॉकेटांचे तुकडे जिथे जोडले होते, तिथे गरम वायू बाहेर निसटू नये म्हणून रबराची कडी बसवली होती. थंडीत रबर कडक होतं आणि फट वेळेत भरत नाही. आधीच्या उड्डाणांतल्या जळलेल्या कड्या तपासून रॉजर बॉइजोली या अभियंत्याने जुलै १९८५ मध्येच ही रॉकेटं बनवणाऱ्या आपल्या कंपनीला लेखी कळवलं होतं, की यात माणसं मरतील. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवर लांबलचक बैठक झाली. १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको, असं अभियंते म्हणत होते. मग कंपनीच्या एका वरिष्ठाने दुसऱ्याला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं, आणि सल्ला उलटा झाला. २८ जानेवारीच्या सकाळी तापमान होतं जेमतेम २ अंश. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं. सातजण गेले. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा चिमट्यात दाबून पेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. वाहवा त्या पेल्याची झाली. पण त्यात दिसलं ते बॉइजोलींना कधीचं माहीत होतं.

 

चेर्नोबिलमध्ये माहिती नुसती दुर्लक्षित नव्हती, ती लपवलेली होती. तिथल्या अणुभट्टीच्या नियंत्रण-कांड्यांना खाली ग्रॅफाइटचा भाग जोडलेला असे. अणू फोडत राहणारे न्यूट्रॉन कण बोरॉनची कांडी शोषते आणि भट्टी मंदावते, ग्रॅफाइट ते शोषत नाही. कांड्या पूर्ण वर ओढलेल्या असताना एकदम खाली सोडल्या, तर ग्रॅफाइट आधी तळच्या भागातलं पाणी बाजूला सारतं. ते पाणी थोडे का होईना न्यूट्रॉन शोषत असतं. म्हणजे भट्टी बंद करण्याचं बटण पहिली काही सेकंदं तिचा जोर वाढवू शकतं! १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना भट्टीत हे मोजलं गेलं होतं. दुरुस्तीची आश्वासनं दिली गेली, पण पाळीवरच्या माणसांना धोका नीट समजावला गेला नाही. २६ एप्रिलच्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी, एक चाचणी उरकत असताना त्यांनी तेच बटण दाबलं. त्यांच्याही चुका होत्याच. पण सगळा ठपका त्यांच्यावर ठेवणारा पहिला आंतरराष्ट्रीय अहवाल पुढे १९९२ मध्ये बदलावा लागला, आणि रचनेतल्या दोषाला त्याची जागा मिळाली.

न्योसचा धडा त्यामानाने सरळ अमलात आला. २००१ मध्ये तळ्यात तळापर्यंत पाइप सोडला. सुरुवातीला पंपाने पाणी वर खेचलं, आणि पुढे वायूच्याच जोरावर सुमारे ५० मीटर उंच कारंजं आपोआप उडत राहिलं. विजेची गरज नाही. ज्या साखळीने गावं मारली, तीच आता तळ्यातला वायू काढून टाकत होती.

त्या वर्षातली चौथी गोष्ट मुंबईची, आणि ती आनंदाची म्हणून लक्षात राहिलेली. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्यांच्याबरोबर काम करत होते परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार. भारतातली पहिली, असं छापून आलं. पण डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ऑक्टोबर १९७८ मध्येच कोलकात्यात असं बाळ जन्मल्याचं सांगितलं होतं. त्यांनी गर्भ गोठवून ठेवण्याचं तंत्रही वापरलं होतं, जे पुढे जगभर रूढ झालं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, त्यांची बदली झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९९७ मध्ये आनंद कुमारांनी त्यांच्या हस्तलिखित नोंदी मिळवून वाचल्या आणि ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की पहिला मान आमचा नाही, मुखोपाध्यायांचा आहे.