कॉलेजची नोटीस कानाने वाचताना

अमरावती रोडवरच्या एका कॉलेजात ऑफिसच्या कर्मचाऱ्यांना शिकवायला गेलो, तेव्हा आधी मॉनिटर बंद केला. परीक्षेची ताजी नोटीस एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लावली आणि सगळे ऐकत बसलो. ‘परीक्षा’ हा शब्द आलाच नाही. त्याच्या जागी ‘आयजेएच, केके’ असं काहीतरी.

नोटिसा टाइप करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “पण सर, अक्षर तर बरोबर दिसते न!”

गोम तिथेच आहे. नोटीस कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होती. त्यात फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात. ‘आय’वर फक्त ‘प’चं चित्र चढवलेलं असतं. डोळ्याला चित्र दिसतं, स्क्रीन रीडरला पोटातला संकेतांक. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत ‘प’ला स्वतःचा संकेतांक आहे, म्हणून तिथे ‘प’ ऐकू येतो. नुसता फॉन्ट बदलून मंगल हा युनिकोड फॉन्ट केला तर इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधूनच काढावा लागतो. नंतर तपासावाही लागतो, कारण कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठते. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर इथे घसरू शकतो.

सही-शिक्क्याची नोटीस स्कॅन करून ग्रुपवर टाकणं तर त्याहून वाईट. तो मजकूर नसतो, फोटो असतो. अंध विद्यार्थ्याच्या हाती थेट काहीच लागत नाही. सही हवीच असेल तर टाइप केलेली फाइलही सोबत द्यावी.

शीर्षक नुसतं ठळक करू नये, वर्डमधली हेडिंग स्टाइल द्यावी. मग एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये ‘एच’ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येतं. अंधूक दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी नकोच.

दिव्यांगांच्या २०१६च्या हक्क कायद्यात मजकूर सुलभ रूपात मिळण्याची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण मला वाटतं, तो हक्क मिळतो की नाही हे रोज कारकुनाच्या टेबलावर ठरतं. म्हणून प्रशिक्षण प्राचार्यांच्या आधी कारकुनांना द्यावं.

दुपारी मॅडमनी नोटीस कन्व्हर्ट केली आणि हेडफोन लावून डोळे मिटले. ‘परीक्षा’ स्वच्छ आलं. ‘उपस्थिती’पाशी आवाज अडखळला. “थांबा सर, वेलांटी सरकली,” म्हणत त्यांनी डोळे उघडले आणि ‘स्थि’ पुन्हा टाइप केला.